दोन हात तारेची जबाबदारी कोणाची?

वीज गेली की अंधार होतो आणि अंधाराची भीती माणसाला फार जुनी आहे. ती घालविण्यासाठी आमच्या शहरांतील मध्यमवर्गाने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघर बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून बसविले. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांच्या मुलांनी मेणबत्तीच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास केला, त्यांना ही वस्तू चैनीची वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. जिथे वीज सहसा जात नाही अशी ख्याती, त्या मुंबईचे व्यवहारही १२ ऑक्टोबर २०२० रोजी विजेवाचून खोळंबले आणि उरल्यासुरल्या बेफिकीर लोकांचीही खात्री पटली. आज दवाखाना, पतपेढी, वाचनालय, उद्वाहक, दुकान आणि दोन खोल्यांचे घर, सर्वत्र कोपऱ्यात एक बॅटरी उभी असते. वस्तू आली, सवय झाली. पण त्या वस्तूबरोबर घरात कोणती नवी जोखीम शिरली याची विचारपूस मात्र कोणी केली नाही. ती आज करावी, असे आम्हांस वाटते.

कोठेही आग लागली की दुसऱ्या दिवशी एक वाक्य ठरलेले असते: ‘आग शॉर्ट सर्किटमुळे लागली असावी, असा प्राथमिक अंदाज आहे.’ आमच्याही पानांवर ते वाक्य वारंवार छापले जाते. पूर्वी अनर्थ घडला की लोक दैवाला बोल लावीत. आता तेच काम शॉर्ट सर्किट करते. त्या दोन शब्दांचा उच्चार झाला की चौकशी संपते, पंचनामा पुरा होतो आणि कोणाचेच नाव पुढे येत नाही. परंतु शॉर्ट सर्किट हा आकाशातून पडणारा गोळा नव्हे. पुष्कळदा तो एका लांबलेल्या प्रक्रियेचा शेवट असतो. आधी तार तापते, मग तिच्यावरचे वेष्टन मऊ पडते, पुढे ते ठिसूळ होऊन तडकते, आणि मग कधीतरी दोन तारा उघड्या अंगाने एकमेकींना भिडतात. त्या अखेरच्या क्षणाला नाव मिळते. आधीची वर्षे अनामिक राहतात. आमचा आजचा विषय ती आधीची वर्षे हा आहे.

आधारासाठी ठेवलेली वस्तूच घात करू शकते, याचे दाखले जगाने नुकतेच पाहिले आहेत. दक्षिण कोरियात १५ ऑक्टोबर २०२२ रोजी पांग्यो येथील एका संगणककेंद्रातील बॅटऱ्यांच्या दालनात आग लागली आणि त्या देशातील घराघरांत वापरली जाणारी काकाओ ही संदेशसेवा बंद पडली. काही दिवसांतच त्या कंपनीच्या दोन प्रमुखांपैकी एकाने पद सोडले. त्याच देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रात अखंड वीजपुरवठ्याच्या बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग भडकली आणि सरकारच्या ७०९ संगणकीय यंत्रणा बंद पडल्या. आपल्याकडे २ मे २०२५ रोजी कोळिकोड येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बॅटरीपुरवठ्याच्या खोलीतून धूर निघू लागला आणि तातडीच्या विभागातील रुग्णांना बाहेर काढावे लागले. या तिन्ही घटनांची कारणे सारखी नाहीत, आणि सर्व दोष तारेचाच होता असेही आम्हांस सुचवावयाचे नाही. वीज जाऊ नये म्हणून जी व्यवस्था केली, तीच वीज घालविणारी आणि जीव धोक्यात आणणारी ठरू शकते, एवढा एक धडा तिन्हींत समान आहे. मोठ्या केंद्रांत निदान अभियंते असतात, धूर ओळखणारी यंत्रे असतात. आमच्या वाचकांच्या घरी पलंगाशेजारी किंवा जिन्याखाली उभ्या असलेल्या बॅटरीवर रात्री पहारा कोणाचा असतो?

यातील मर्म समजण्यास शाळेतले अंकगणित पुरेसे आहे. समजा, वीज गेल्यावर एखाद्या घरात चार पंखे, काही दिवे, दूरदर्शन संच, फ्रिज आणि संगणक मिळून ८०० वॅटचा भार चालू आहे. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवर हाच भार सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह घेतो. परंतु बॅटरी १२ व्होल्टची असते. व्होल्ट कमी झाले की तेवढेच काम करण्यासाठी प्रवाह वाढावा लागतो. इन्व्हर्टरमध्ये होणारी थोडी गळती धरली तर बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारेतून जवळजवळ ८० अँपिअर वाहतात. भिंतीतल्या तारेच्या मानाने हा प्रवाह वीसपटीहून अधिक झाला! आणि बॅटरी उतरत जाऊन साडेदहा व्होल्टवर आली की तोच भार ९० अँपिअर मागतो. म्हणजे घरातील सर्वांत जास्त प्रवाह वाहून नेणारी तार भिंतीत नसून, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये लोंबकळणाऱ्या त्या दोन हातांत आहे.

प्रवाह वाढला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते, असे समजणारा माणूस येथेच फसतो. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केलेला नियम असे सांगतो की, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. तार जितकी बारीक आणि जितकी लांब, तितका तिचा रोध अधिक. आता हिशेब पाहा. बॅटरी इन्व्हर्टरपासून दोन मीटरवर ठेवली, तर जाण्यायेण्याची मिळून तार चार मीटर लागते. ही तार ६ चौरस मिलिमीटर छेदाची, अस्सल तांब्याची असली, तरी ८० अँपिअर प्रवाहावर तीत सुमारे ७३ वॅट उष्णता निर्माण होते. त्याऐवजी २५ चौरस मिलिमीटरची तार घातली तर हीच उष्णता १८ वॅटांच्या आत येते. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम असेल, किंवा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असेल, तर रोध दीडपटीच्याही पुढे जातो. बाजारात अशा मुलामा दिलेल्या तारा तांब्याच्या नावावर खपतात, हे ज्याला माहीत नाही त्याने तार घेताना तिचे टोक खरवडून पाहावे.

येथे एक व्यावहारिक घोटाळा लक्षात घ्यावयास हवा. वातानुकूलन यंत्राला साधारणपणे ४ चौरस मिलिमीटरची तार घालतात. त्या सवयीच्या कारागिराला ६ चौरस मिलिमीटरची तार जाडच वाटते, आणि २३० व्होल्टच्या जगात ती जाड आहेही. पण १२ व्होल्टच्या जगाचे माप निराळे. सोनाराच्या काट्यावर जोखलेली वस्तू कोणी वखारीच्या काट्याने पुन्हा जोखू लागला तर जे होईल, ते येथे होते. इन्व्हर्टरबरोबर कारखान्यातून आलेली तार बहुधा आखूड असते; बॅटरी बाल्कनीत ठेवावयाची म्हणून तिला जोड दिला जातो, तो पीळ घालून आणि वर चिकटपट्टी गुंडाळून. काही वर्षांनी मोठा इन्व्हर्टर येतो, फ्रिज जोडला जातो, पण तार मात्र जुनीच राहते. उरलेल्या तारेचे वेटोळे करून ते सुतळीने बांधण्याचा नीटनेटकेपणाही घातकच, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडू शकत नाही.

तारेइतकाच, किंबहुना तारेहूनही अधिक, धोका सांध्यात असतो. बॅटरीच्या टोकाशी बसविलेले थिंबल सैल झाले, त्यावर पांढरी-हिरवी बुरशी साठली, की त्या ठिकाणचा रोध वाढतो. हा रोध एका ओहमचा केवळ दोनशेवा भाग असला, तरी ८० अँपिअर प्रवाहावर तेथे ३२ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या सळईने शिसे-कथिल वितळवितो ती पुष्कळदा २५ वॅटची असते, हे ध्यानी घेतले म्हणजे नखाएवढ्या जागेत साठलेल्या या ३२ वॅटांचा अर्थ उमगेल. अशा सैल सांध्याने घराचा दिवा मंदावत नाही, पंखा थांबत नाही. फार तर इन्व्हर्टर लवकर बंद पडतो. तेव्हा गृहस्थ म्हणतो, बॅटरी गेली, आणि नवी बॅटरी आणून त्याच सैल थिंबलात बसवितो. दोष तारेचा असतो आणि शिक्षा बॅटरीला होते.

यावर आपल्या हवामानाची भर पडते. नेहमीच्या पीव्हीसी वेष्टनाची तार आत ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली चालते. त्यापुढे तिचे आयुष्य झपाट्याने घटते. आपल्याकडील तारांची क्षमता भोवतालची हवा ४० अंश धरून मोजलेली असते. पण नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, आणि बंद कपाटात किंवा माळ्यावर ५० अंश होणे अशक्य नाही. तशा जागी १०० अँपिअर पेलणारी तार जेमतेम ८२ अँपिअर पेलते. म्हणजे ज्या दुपारी वीज हटकून जाते, पंखे सर्व चालू असतात आणि फ्रिज थांबावयास तयार नसतो, नेमक्या त्याच दुपारी तारेचे बळ सर्वांत कमी झालेले असते. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. सैल सांधा ठिणगी पुरवितो, बंद कपाट वायू साठविते; आणि हे दोन्ही शेजारी नांदविण्याचे काम आपण हौसेने करतो, कारण बॅटरी दिसावयास चांगली दिसत नाही!

‘आमच्या घरी एमसीबी आहे’, असे उत्तर सुशिक्षित वाचक देईल. त्याला आमचे सांगणे असे की, तो एमसीबी भिंतीतल्या तारांचा रखवालदार आहे. बॅटरीकडची तार त्याच्या हद्दीत येत नाही. वीजमंडळाच्या खांबापासून येणारा प्रवाह तो तोडू शकेल. पण बॅटरी हा स्वतंत्र विजेचा साठा आहे आणि तो घराच्या आत आहे. मोठ्या बॅटरीच्या दोन तारा एकमेकींस भिडल्या तर हजार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो आणि तार लालबुंद होण्यास क्षण पुरतात. त्यावर उपाय एकच, आणि तो साधा आहे: बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून एक योग्य फ्यूज. तो वापराच्या प्रवाहाहून थोडा अधिक, पण तारेला झेपणाऱ्या प्रवाहाहून कमी क्षमतेचा असावा. शिवाय तो एकदिश प्रवाहासाठीच बनविलेला असावा लागतो, कारण घरच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझावयास संधी देतो. बॅटरीचा प्रवाह ती संधी देत नाही. चिनीमातीच्या फ्यूजमध्ये तार वारंवार जळते म्हणून जाड तार गुंडाळणारी पिढी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. बॅटरीच्या बाबतीत आपण त्याही पुढे गेलो आहोत. तेथे बहुतेक ठिकाणी फ्यूज नसतोच.

आता कायद्याकडे वळू. कायदा नाही, असे कोणासही म्हणता यावयाचे नाही. इन्व्हर्टरला मानके आहेत. ठरावीक क्षमतेपर्यंतच्या इन्व्हर्टरांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे. पीव्हीसी तारेवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विजेच्या कामासाठी १९५६ साली नियम झाले, त्यांची जागा २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली आणि २०२३ साली तेही नव्याने केले गेले. वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे, असे हे विनियम सांगतात; मात्र दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारखी किरकोळ अदलाबदल त्यातून वगळली आहे. नेमक्या या अपवादाच्या आडोशाने इन्व्हर्टर घरात शिरतो. तो मिक्सरसारखा दुकानातून विकत घेतला जातो आणि पंख्यासारखा टांगला जातो. आमच्या मते हे अर्थाचा अनर्थ करणे आहे. ज्या वस्तूमुळे घरात विजेचा दुसरा उगम निर्माण होतो, ती किरकोळ कशी? पेटीची तपासणी कारखान्यात होते, तारेची तपासणी कारखान्यात होते, बॅटरीचीही होते. पण तिन्ही जेथे एकत्र येतात तो सांधा कोणी तपासावयाचा, याचे उत्तर व्यवहारात कोणाजवळ नाही. उत्पादक म्हणतो, जोडणी आमची नाही. दुकानदार म्हणतो, माणूस आमचा नाही. कारागीर म्हणतो, तार गिऱ्हाईकाने दिली. आणि गिऱ्हाईक म्हणते, मला यातले काय कळते?

या साखळीत सर्वांत दुबळ्या माणसाच्या माथी दोष मारून मोकळे होणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन या व्यवसायाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारी मुले आहेत. पण दिवसाला पाच-सहा घरे जोडून द्यावयाची, मजुरी जोडणीगणिक मिळावयाची आणि तार ‘आहे तीच चालवा’ असे गिऱ्हाईकाने सांगावयाचे, अशा स्थितीत शिकलेल्या कारागिराचीही विद्या पिशवीतच राहते. पाच-सहा आकडी रकमेची वस्तू घेताना तारेच्या काहीशे रुपयांसाठी घासाघीस करणारे आपणच आहोत. बॅटरीचा पत्ता, हमीची वर्षे, जुन्या बॅटरीचा मोबदला, सर्व आपण विचारतो. तार किती चौरस मिलिमीटरची, हे किती जणांनी विचारले?

कोणी म्हणेल की लक्षावधी घरांत इन्व्हर्टर आहेत आणि त्यांतील बहुतेक सुखरूप आहेत. हे खरे आहे, आणि वाचकांना घाबरवून बॅटरी घराबाहेर काढावयास लावणे हा आमचा हेतू नाही. परंतु काल काही झाले नाही हा उद्याचा पुरावा होत नाही. वेष्टनाचे वय रोज वाढत असते. दुसरा आक्षेप असा की आता लिथियम बॅटऱ्या येत आहेत, त्यांत नियंत्रकच बसविलेला असतो. तो असतो आणि उपयोगीही असतो. पण तो बॅटरीच्या पोटातील पेशींवर नजर ठेवतो, बाहेरच्या सैल थिंबलावर नव्हे. उलट लिथियम बॅटरी शेवटपर्यंत जोम धरून राहते, त्यामुळे तारेला विसावा कमी मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौरविजेची योजना आरंभली आहे. त्यातल्या अनेक घरांत उद्या बॅटऱ्याही येतील. प्रश्न लहान होणारा नसून मोठा होणारा आहे. म्हणूनच तो आज हाताळावा.

करावयाचे काय, हे सांगितल्यावाचून टीका करणे बरे नव्हे. पहिली गोष्ट, प्रत्येक इन्व्हर्टरबरोबर उत्पादकाने अमुक अंतरास अमुक छेदाची तांब्याची तार आणि अमुक क्षमतेचा फ्यूज, हे मराठीत आणि ठळक अक्षरांत यंत्राच्या अंगावरच छापावे. पुस्तिकेच्या तेराव्या पानावर नको. दुसरी, जोडणी करणाऱ्याने परवाना क्रमांक, तारेचा छेद, लांबी, फ्यूज आणि तारीख नोंदविलेली सहीची चिठ्ठी गृहस्थाच्या हाती द्यावी आणि ती नसेल तर हमी लागू होऊ नये. नाव लिहावे लागले की हात आपोआप काळजीपूर्वक चालतो. तिसरी, राज्याच्या विद्युत निरीक्षकांनी इन्व्हर्टरची जोडणी ही किरकोळ अदलाबदल नव्हे, असे परिपत्रकाने स्पष्ट करावे. चौथी, २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यान्वये ज्या इमारतींना दर जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यांनी त्याच फेरीत जिन्याखालच्या, उद्वाहकाच्या आणि दवाखान्यांच्या बॅटऱ्यांचे सांधे तपासून घ्यावेत. फार खर्चाचे यात काही नाही.

आणि वाचकांनी स्वतः काय करावे? वीज गेल्यावर अर्ध्या तासाने त्या दोन हात तारेच्या वेष्टनाला हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहावा. धातूच्या टोकांना हात लावू नये. तार कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, वेष्टनाचा रंग पालटला असेल, किंवा जळका वास येत असेल, तर इन्व्हर्टर बंद करून जाणकारास बोलवावे. पान्याने थिंबल आवळण्याचा पराक्रम स्वतः करू नये. पाना दोन टोकांना एकदम लागला तर तोच शॉर्ट सर्किट होतो. बॅटरीला मोकळी हवा द्यावी, तिच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचू नये. त्यात आमचे पत्रही आले.

पेटलेल्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो आणि निजलेल्या माणसाला ज्वालेच्या आधी तोच गाठतो. अशी रात्र कोणाच्याही घरी येऊ नये आणि आलीच, तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात ‘शॉर्ट सर्किट’ या दोन शब्दांवर चौकशी थांबू नये. तार कोणती होती, किती जाड होती, फ्यूज होता की नव्हता आणि जोडणी कोणी केली, हे चार प्रश्न त्या वृत्तात आलेच पाहिजेत. ते विचारण्याचे आमचे कर्तव्य आम्ही करू. पण हे प्रश्न आग लागण्याच्या आधी, दुकानाच्या गल्ल्यासमोर उभे राहून विचारणे गृहस्थाच्या हाती आहे, आणि तेथे ते विचारले गेले, तर आमच्यावर ते छापण्याची पाळी येणार नाही.